झाकणांची शाळा

विहीणबाईंनी उंटाच्या चित्रावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "हं, आता वाच."

रेणू गप्प.

एवढा वेळ माझी नात पोपटासारखी बोलत होती. "हा उंट. उंट निघाला. वाळू तापली. उंट दमला नाही." दसऱ्याचा दिवस, दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, शेजारची नलू सोनं द्यायला आलेली. सगळ्यांच्या देखत मीच रेणूला पुस्तक आणायला लावलं होतं. का, तर विहीणबाई पुण्याच्या, जन्मभर शाळेत मास्तरीण. त्यांना दाखवायचं होतं, की आमच्या कासाराच्या दुकानात वाढलेली पोरसुद्धा काही कमी नाही. पहिलीला बसून चार महिने झाले नाहीत तोवर अख्खं पुस्तक वाचते, असं मी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"वाच ना बाळ. अक्षरं तीच आहेत. मी फक्त चित्र झाकलंय."

रेणूनं माझ्याकडं बघितलं. मग छताकडं बघितलं. मग अंगठा तोंडात घातला.

विहीणबाईंनी हात काढला. लगेच पोर सुरू. "हा उंट. उंट निघाला."

"पाठ आहे," विहीणबाई म्हणाल्या. "वाचत नाही ती."

त्यांनी ते काही टोचून म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मला बरं झालं असतं, माझ्याकडं उत्तरं तयार असतात. पण त्या डॉक्टरनं नाडी बघून सांगावं तशा बोलल्या. नलूनं आपट्याची पानं माझ्या हातात दिली आणि मान खाली घालून निघून गेली. ही नलू! हिचं पोरगं तिसरीत दोनदा बसलं, तेव्हा मी तिला काय काय बोलले होते. आता संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला बातमी.

जेवणं झाल्यावर विहीणबाईंनी खरा विषय काढला. माझा मुलगा सुधाकर सुपारी कातरत बसला होता. सून, वृंदा, म्हणजे त्यांची लेक, दाराला टेकून उभी.

"मी रेणूला पुण्याला नेते म्हणते. आमच्याजवळ राहील. घराशेजारीच शाळा आहे, मी बोलून ठेवलंय. इथं एका बाईंकडं दोन वर्ग, त्या तरी कुणाकुणाकडं बघणार? आणि घरात तुम्ही सगळे दुकानात."

"म्हणजे दुकानात बसणं वाईट?"

"तसं नाही हो विहीणबाई. पोर हुशार आहे, म्हणून तर म्हणते. आता वाचनाची गाडी रुळावर आली नाही, तर पुढं सगळंच जड जातं. मी पाहिलीत अशी मुलं."

मी सुधाकरकडं बघितलं. तो सुपारीकडं बघत होता. वृंदाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती 'नको' म्हणत नव्हती. तेव्हा मला कळलं, की हे आधीच बोलून झालेलं आहे. मलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

रेणू माझ्या कुशीत झोपायची. तिचे बाबा-आई माळ्यावरच्या खोलीत, आणि ती खाली माझ्यापाशी, माझ्या पदराचं टोक मुठीत धरून. मालक गेले तेव्हा हीच पोर तान्ही होती, आणि हिच्या दुपट्यांतच मी ते वर्ष काढलं. आता ही उचलून पुण्याला न्यायची.

"संक्रांतीपर्यंत मुदत द्या," मी म्हटलं. "संक्रांतीला वृंदाचं हळदीकुंकू असतं. तुम्ही या. पोर वाचायला लागली नसेल, तर मी स्वतः तिची पिशवी भरून तुमच्या हातात देईन. एक शब्द बोलणार नाही."

"एक शब्द?" सुधाकर म्हणाला.

"तू गप रे."

विहीणबाईंनी मान डोलावली. "कबूल. पण मारू नका हो तिला. धाकानं पाठांतर वाढतं, वाचन नाही."

"मी मारते असं कुणी सांगितलं?" मी म्हटलं, आणि वृंदा आत निघून गेली.

माझं शिक्षण तिसरी. त्यातलीही अर्धी तिसरी भावंडं सांभाळण्यात गेली. पण अक्षर माझं असं, की तालुक्यात कुणाला विचारा. भांड्यावर नाव घालायचं काम मालकांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शिकवलं. एका हातात छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, टिक टिक टिक करत घागरीवर 'चि. सौ. कां. अमकी हिस मामाकडून'. लग्नसराईत आमच्या दुकानापुढं रांग लागायची. मशीन आलं तरी जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, अक्कांच्या हातचंच नाव घाला.

तेव्हा मी विचार केला, पुस्तकातला उंट आमच्या गावात कुणी पाहिलाय? पोरीनं रोज ज्याला हात लावला, तो शब्द तिला आधी आला पाहिजे. आमच्या स्वयंपाकघरात मांडणीवर स्टीलचे डबे, सगळे एका मापाचे, एका घाटाचे. दुकानातलेच, मग वेगवेगळे कशाला? मी एका दुपारी सगळी झाकणं उतरवली आणि एकेकावर ठोकत गेले. रवा. डाळ. हळद. तीळ. मीठ. गूळ. साखर. पोहे.

"आजी, हे काय करतीस?"

"तुझी शाळा."

रोज शाळेतून आली की तिला मांडणीपुढं उभी करायची. "रवा दाखव." दाखवायची. "गूळ दाखव." दाखवायची. आठ दिवसांत सगळे डबे फडाफड. मी तर हवेत. नलूला बोलावून दाखवलं. नलू म्हणाली, "अक्का, आता नाही बाई तुमच्या पोरीला पुण्याला नेत कुणी." मी तिला चहाबरोबर मूठभर मुरमुरे जास्त दिले.

दिवाळी आली. वृंदानं सगळे डबे रिकामे करून घासले, उन्हात वाळवले, पुन्हा भरले आणि मांडणीवर लावले. ज्याचं झाकण त्यालाच, त्यात काही चूक नाही. फक्त रांग बदलली. खालचे वर गेले, वरचे खाली.

पाडव्याच्या सकाळी कुर्डूच्या बाजूचे एक पाटील आले. मुलीच्या लग्नाची सगळी भांडी आमच्याकडून घ्यायची होती. मोठं गिऱ्हाईक. मी त्यांना गादीवर बसवलं, आणि आपली जीभ कुठं राहते? "पाटील, ही माझी नात. पहिलीत आहे, पण घरातला डबा न् डबा वाचते. रेणू, जा, आईला साखर काढून दे चहाला."

रेणू पळत गेली, वाटीत काढून दिली. वृंदानं चहा केला. पाटलांनी पहिला घोट घेतला आणि त्यांच्या मिशा अशा उभ्या राहिल्या, की मला वाटलं चटका बसला.

"अक्का," ते म्हणाले, "तुमच्यात चहा खारट पितात का?"

मी आत गेले. ज्या जागी दिवाळीआधी साखरेचा डबा असायचा, तिथं आता मिठाचा होता. झाकणावर माझ्याच हातानं ठोकलेलं 'मीठ', दोन बोटं मोठं. पोरीनं ते बघितलंसुद्धा नव्हतं. ती जागा बघून गेली होती.

पाटील भले माणूस. हसले, दुसरा चहा घेतला, भांडीही घेतली. पण ते गेल्यावर वृंदा चुलीपुढं बसून रडायला लागली.

"आई बरोबर सांगत होती. तिथं चित्र बघून बोलायची, इथं जागा बघून. अक्षराकडं बघतच नाही ती. जाऊ दे आत्याबाई, आपण तिला पाठवू."

"तुला पाठवायचीय?"

"मला?" ती एकदम उसळली. आठ वर्षांत माझ्यापुढं आवाज न चढवलेली सून. "मला कशाला पाठवायची असेल? पण अडाणी राहिली तर उद्या तीच मला विचारेल ना!"

मी गप्प झाले. सुनेपुढं गप्प होण्याची मला सवय नाही, म्हणून दिवस लक्षात राहिला.

थोड्या वेळानं तीच नाक पुसत म्हणाली, "आई शाळेतल्या नव्या बाईंना सांगायची, मुलाला शब्दाची गरज पडली पाहिजे. गरज नसली तर ते कशाला वाचेल?"

हे वाक्य मी तिथल्या तिथं गिळलं. आजही कुणी विचारलं तर माझंच म्हणून सांगते.

गरज. बरोबर आहे की. जागेवरून काम होतंय तर पोर अक्षराला कशाला विचारेल? मीसुद्धा विचारणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपून रेणू शाळेत गेल्यावर मी मांडणीपुढं उभी राहिले आणि सगळी झाकणं उलटीपालटी केली. रव्याचं डोकं गुळावर, हळदीचं तिळावर. वृंदा बघतच राहिली.

"आत्याबाई, स्वयंपाक कसा करू मी?"

"उघडून बघून कर. तुला डोळे आहेत."

संध्याकाळी रेणूला म्हटलं, "बाई, आपल्या घरात गोंधळ झालाय. झाकणं डोकी विसरलीत. ज्याचं त्याला घालून दे, नाहीतर रात्री जेवण नाही."

पहिल्या दिवशी तिनं थयथयाट केला. एक झाकण जमिनीवर आपटलं, त्याला पोचा पडला, अजून आहे. दुसऱ्या दिवशी डबा उघडायची, आत बोट घालून चाटायची, आणि मग हातातलं झाकण उलटसुलट फिरवत बसायची. हळद चाटल्यावर तोंड असं केलं, की सुधाकर पोट धरून हसला. "अक्का, पोरीचं तोंड पिवळं करून वाचायला शिकवतीस?"

"तुझं काळं होण्यापेक्षा बरं."

मी तिला सांगितलं एवढंच. "हे बघ, 'र'. आता 'वा'. दोघांना चिकटव. काय झालं?" रोज सकाळी ती जायची, मी झाकणं बदलायची. रोज संध्याकाळी ती जुळवायची. सुधाकरला एक वेळ पोहे मिळायचे, एक वेळ नाही. सून रोज म्हणायची, आता पुरे. आणि मग एके दिवशी मी दुकानात छिन्नीला धार लावत होते, तर आतून हाक आली.

"आजी! हे खोटं बोलतंय!"

मी आत गेले. रेणू मांडणीपुढं डबा छातीशी धरून उभी. उघडला नव्हता.

"कोण खोटं बोलतंय?"

"झाकण. हे म्हणतंय पोहे. पण पोहे इतके जड नसतात. आत गूळ आहे."

तिनं झाकण काढलं. गूळ होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हसली. पोर वाचत होती, आणि नुसती वाचत नव्हती. वाचलेलं खरं का खोटं, हे तिनं स्वतः ताडून बघितलं होतं. मोठमोठ्या माणसांना जमत नाही हे.

मग तिला वेडच लागलं. डबे संपले तशी ती दुकानात आली. 'तवा', 'पळी', 'परात', 'झारा'. मग गिऱ्हाइकांची भांडी. 'मामाकडून' हा शब्द तिनं एकटीनं फोडला, त्या दिवशी मी तिला खोबऱ्याची अख्खी वाटी दिली. भांडी संपली तशी मागायला लागली. पत्र्याचा एखादा तुकडा उचलून आणायची. "आजी, यावर 'मांजर' घाल." "आजी, 'भांडण' घाल." एकदा म्हणाली, "'खवट म्हातारी' घाल."

"कुणी शिकवलं हे?"

"नलूकाकू म्हणते."

मी घातलं. पोरीनं मागितलेला शब्द नाकारायचा नाही, असं मी ठरवलं होतं. तो तुकडा नंतर नलूच्या दाराच्या कडीला अडकवून आले, ती गोष्ट वेगळी.

जोडाक्षराला मात्र ती अडली. 'तांब्या' पुढं ठेवला तर 'तांब... तांब...' करत बसली. "हा ब अर्धा का?"

"एसटीत बसतो ना आपण बाजाराच्या दिवशी, एकाच्या मांडीवर दुसरा? तसं. जागा कमी आहे, म्हणून ब आकसून बसलाय. त्याला अर्धंच तोंड उघडू दे आणि लगेच पुढच्याला बोलू दे."

"तांब्या!"

"शाबास. आता 'खलबत्ता'."

तिळगूळ करायचे दिवस आले. कासाराच्या घरचं वाण म्हणजे भांडंच, आणि आमच्याकडं रीत अशी, की ज्या बाईला वाटी द्यायची तिचं नाव त्या वाटीवर घालायचं. मालकांनी सुरू केलेली रीत. दुपारी रेणू शाळेत असताना मी दुकानात बसून वाट्या ठोकल्या. वृंदाला दोन-चार नावं विचारून घेतली. एक नाव सांगताना मात्र ती थबकली. माझ्याकडं बघत राहिली.

"आत्याबाई, हे तिला जमेल?"

"न जमलं तर पिशवी मी भरणार आहे. तसं बोलले आहे मी."

"फार अवघड नाव आहे."

"म्हणूनच. आणि तू पोरीजवळ ब्र काढायचा नाही. काढलास तर मला कळेल."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी विहीणबाई आल्या. पिशवीत नवा गणवेश, घडी न मोडलेला. रेणूच्या मापाचा. त्यांनी तो गुपचूप वृंदाच्या ट्रंकेवर ठेवला, पण मी बघितला. रेणूला त्यांनी जवळ घेतलं, केस विंचरले, दोन वेण्या घातल्या. वाचायला काही लावलं नाही. मीही काही म्हटलं नाही. दोघी एकमेकींना "अजून एक भाकरी घ्या" म्हणत जेवलो.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीच्या संध्याकाळी, ओटीवर सतरंज्या घातल्या. हळदीकुंकू सुनेचं, बोलणं माझं, अशी आमच्या घरी वाटणी. मी भिंतीशी पाटावर बसले. गल्लीतल्या बायका आल्या, नव्या साड्या, केसांत गजरे. विहीणबाईंना वृंदानं मानानं मधे बसवलं. वाट्यांची पाटी मी रेणूच्या पुढं ठेवली. सगळ्या मिसळून, उलट्यासुलट्या.

"आज वाण रेणू वाटणार," मी सांगितलं. "जिची वाटी तिलाच गेली पाहिजे. कुणी मदत करायची नाही. नलू, तुला सांगतेय."

रेणूनं पहिली वाटी उचलली. उजेडाकडं धरली. ओठ हलले. "न-लि-नी." उठली आणि नलूच्या हातात दिली. दुसरी. "कु-सुम." तिसरी. "हौ-सा." हौसाबाई म्हातारी, तिनं वाटीला डोकं लावलं. चौथी, पाचवी. कुणीतरी बांगड्या वाजू नयेत म्हणून हात धरून बसलं होतं.

विहीणबाई माझ्याकडं वाकल्या. अगदी हळू बोलल्या.

"छान तयार केलीत. खरंच. पण ही गल्ली तिच्या ओळखीची आहे हो. पहिलं अक्षर कळलं की पुढचं नाव तिला माहीतच आहे. हेही एक प्रकारचं पाठांतरच."

"माहितीये मला," मी म्हटलं. "जरा दम धरा."

मी ओले तळहात पदराला पुसले.

पाटीत एकच वाटी राहिली. रेणूनं ती उचलली आणि थांबली. सगळ्यांच्या हातांत वाट्या होत्या. तिनं बायकांकडं बघितलं, पुन्हा वाटीकडं बघितलं. भुवया एकत्र आल्या.

"व..." ती म्हणाली. मग वाटी पुन्हा उजेडाकडं फिरवली. वृंदानं डोळे मिटून घेतले. आमचा सुधाकर, बायकांच्या कार्यक्रमात कधी न येणारा, दुकानाच्या दारातून डोकावत होता.

"व... तस... नाही." तिनं बोटानं अक्षर चाचपलं, माझी छिन्नी फिरली होती तसं तसं. "हा त अर्धा आहे. दाटीनं बसलाय. वत्... स... ला."

तिनं मान वर केली.

"वत्सला. आजी, ही कोण? ही तर आलीच नाही."

पोरीला कुठून माहीत असणार? तिची आई त्यांना आई म्हणते. तिचा बाप मामी म्हणतो. मी विहीणबाई म्हणते. ती स्वतः पुण्याची आजी म्हणते. आमच्या घरात ते नाव तिच्यासमोर त्या दिवसापर्यंत कुणीही, एकदाही उच्चारलं नव्हतं. ते तिला पाठ असायला जागाच नव्हती.

"आलीये," विहीणबाई म्हणाल्या. "आलीये गं. ही काय."

रेणू त्यांच्याकडं बघतच राहिली. आज्यांनाही नावं असतात, हे तिला तेव्हाच कळलं असावं. मग ती उठली, दोन्ही हातांनी वाटी पुढं केली. "मग घे की, वत्सला."

"अगं रेणू!" वृंदा धावली. "आजीला असं नावानं हाक मारतात का?"

"मारू दे," विहीणबाई म्हणाल्या. डोळे पुसत नव्हत्या, वाहू देत होत्या. "तिला कुणी सांगितलेलं नाही ते. तिनं वाचून मिळवलंय."

मग जो गलका झाला! नलू तर रडायलाच लागली, हिचं काय जातंय कुणास ठाऊक. हौसाबाईनं रेणूची अलाबला घेतली. सुधाकर दारातून ओरडला, "अक्का, जिंकलीस!" आणि बायकांनी त्याला हाकललं. मी पाटावरून उठले नाही.

"विहीणबाई," मी म्हटलं, "पोर कुठं राहणार?"

त्यांनी वाटीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. "जिनं शिकवली तिच्यापाशी. मी हरले, असं गल्लीभर सांगा हवं तर."

"सांगायची काय गरज? गल्ली इथंच बसलीये."

त्या हसल्या. मीही हसले. मग मी म्हटलं, आणि हे मी फारसं कुणाला म्हणत नाही, "दसऱ्याला तुम्ही सांगितलं नसतं, तर मी अजून उंटच ऐकत बसले असते."

सकाळच्या एसटीला मी त्यांना सोडायला गेले. गणवेश त्यांनी परत नेला, म्हणाल्या शेजारच्या पोरीला होईल. खिडकीत बसल्यावर वाकून म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच येते इकडं. अजून पुष्कळ शिकायचंय तिला."

"या की. पण येताना तोंडात खडीसाखर घेऊन या."

"आणि तुम्ही स्वागताला जीभ घरी ठेवून या," वत्सलाबाई म्हणाल्या.

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवला. मग डोक्यावरचा पदर नीट केला, आणि गल्लीतली जवळची वाट सोडून भर बाजारपेठेतून, दुकानादुकानापुढं थांबत, सगळ्यांना दिसेल अशी घरी आले.